गोंगाटाला चार भिंती द्या

कोकणातल्या तालुक्याच्या प्रत्येक गावी दीडशे माणसं उभी राहू शकतील अशी एक बंद, जाड भिंतींची खोली असावी आणि तिथे महिन्यातून दोन-चार संध्याकाळी कान दणाणून सोडणारं संगीत तिकीट लावून, रीतसर परवान्याने वाजावं, अशी माझी मागणी आहे. नाट्यगीताला, भजनाला, भावगीताला आपल्याकडे जागा आहे आणि ती राहो. मी बोलते आहे ते ड्रम, दोन गिटार, एक बेस आणि घसा फाटेस्तोवर ओरडणाऱ्या गायकाबद्दल, आणि त्यांच्यासमोर एकमेकांवर आदळणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या पोरापोरींबद्दल.

हे बोललं की समोरून पहिलं वाक्य येतं ते असं: आधीच आवाज काय कमी आहे? मला हा प्रश्न मनापासून पटतो. आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे. सासूबाईंना हृदयविकार आहे. मिरवणुकीच्या रात्री स्पीकरची भिंत ट्रॉलीवरून दारासमोर येते तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि आम्ही दोघं त्यांच्या खाटेशी हात धरून बसतो. ज्याला तो आवाज नको आहे, ज्याने त्याचं तिकीट काढलेलं नाही, जो उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्याच्या छातीवर तो आदळतो. आवाजाचा अन्याय इथे आहे. म्हणूनच मला खोली हवी आहे. ज्याला ऐकायचं आहे तो आत जाईल आणि ज्याला नको आहे त्याच्या घरापर्यंत तो आवाज पोचणार नाही.

कायद्यालाही हा फरक कळलेला आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्रीय नियम पाहा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धक वाजवायला बंदी आहे, पण सभागृहं, सामुदायिक सभागृहं अशा बंदिस्त जागांमधल्या आतल्या वापराला त्या कलमातूनच सूट दिलेली आहे. त्याच नियमांत राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मोकळीक देता येते. म्हणजे उघड्यावरचा आवाज हा अपवाद आणि बंदिस्त जागेतला आवाज हा स्वाभाविक, अशी नियमाची रचना. प्रत्यक्षात गावोगाव उलटं दिसतं. उघड्यावरच्या आवाजाला पुढारी, मंडळ, वर्गणी असं सगळं पाठबळ मिळतं आणि चार पोरं बंद हॉलमध्ये बँड वाजवायचा म्हणाली की ‘कसला कार्यक्रम? कोण येणार? काही झालं तर जबाबदार कोण?’ अशी विचारणा सुरू होते. माझ्या भाच्याने मागच्या पावसाळ्यात एका सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे अर्ज केला होता. नकाराचं कारण तोंडी मिळालं: खुर्च्या मोडतील. त्यांनी खुर्च्या मागितल्याच नव्हत्या.

शेवटी ती पोरं जातात गोव्याला. सावंतवाडी-कुडाळच्या मुलाला असलं संगीत ऐकायचं असेल तर बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडून म्हापशाकडे जायचं, आणि रात्री एक-दोन वाजता पावसात मोटारसायकलवरून महामार्गाने परत यायचं. हायवेवरची ती रात्र गाण्याहून कितीतरी जास्त धोक्याची. त्या काळजीपोटीच एका शनिवारी भाच्याबरोबर मीही गेले. आपली गाडी काढली, त्याच्या दोन मित्रांना आणि एका मैत्रिणीला मागे बसवलं.

क्लब म्हणजे काय, तर प्राथमिक शाळेचे दोन वर्ग एकत्र केल्यावर होईल एवढी खोली. रंगमंच गुडघाभर उंचीचा. त्यावर ड्रम ठेवल्यावर बाकीच्यांना जेमतेम पाय ठेवायला जागा. पहिली थाप पडली तेव्हा ती मला आधी पोटात कळली आणि मग कानात. गिटारवाला अॅम्पकडे, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीकडे, तोंड करून उभा राहिला की एक लांबलचक किंकाळी उठायची, ती तो हाताने वळवायचा, खेचायचा, तोडायचा. तिसऱ्या गाण्यात गायक खाली उतरून लोकांत शिरला. माइकची वायर डोक्यांवरून पुढे सरकत होती आणि ती अडकू नये म्हणून अनोळखी हात ती उचलून पुढे देत होते. मधल्या भागात एक गोल मोकळा झाला, त्यात पोरं धावत एकमेकांवर आदळायला लागली. याला ती ‘पिट’ म्हणतात. मी भिंतीला पाठ लावून उभी. भाचा कानाशी ओरडला, ‘‘मावशे, घाबरा नको. पडलंस तर उचलतले!’’

आणि खरंच उचलत होते. मी रात्रभर तेच पाहत राहिले. जो पडला त्याच्याभोवती दोन-तीन जण लगेच हात पसरून उभे राहायचे, बाकीच्यांचा लोंढा थोपवायचे आणि त्याला काखेत हात घालून उभं करायचे. एकाचा चष्मा पडला तर त्याच गर्दीतून एक हात तो चष्मा वर धरून उभा राहिला, ज्याचा आहे त्याने नेईपर्यंत. शेवटाकडे एक अॅम्प बंद पडला. बेस नाही, एक गिटार नाही. ड्रमर थांबला नाही आणि गाण्याचा राहिलेला भाग खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ओरडून पुरा केला. बाहेर आल्यावर भाच्याची मैत्रीण म्हणाली की तिला गर्दीत इतकं मोकळं आजवर कुठे वाटलं नव्हतं. जत्रेत नाही, बाजारात नाही, एसटी स्टँडवर तर नाहीच. हे वाक्य मी फार दिवस मनात धरून आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला गर्दीत सुरक्षित वाटावं ही किती मूलभूत गोष्ट आणि ती आपण तिला किती कमी ठिकाणी देतो.

ज्याला वरवर पाहता दंगा म्हणावं त्याच्या आत एक शिस्त असते, हे कोकणी माणसाला नव्याने सांगायला नको. शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा काय होतं? रत्नागिरीत भैरीबुवाची पालखी गर्दीतून डोलत, हिंदकळत निघते. ढोल-ताशात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणसं ढकलली जातात, घामाघूम होतात, आणि तरी खांदा कोणी कधी द्यायचा, कोणी बाजूला व्हायचं, पालखी जमिनीला लागू द्यायची नाही, हे न सांगता पाळलं जातं. कुडाळकडचं शिमग्यातलं, नाचत-वाजवत निघणारं रोंबाट पाहिलेल्याला त्या खोलीतला गोल अनोळखी वाटणार नाही. डबलबारीच्या भजनात दोन्ही बुवांचे गजर चढायला लागतात तेव्हा मांडवात शांत बसून कोण राहतं? दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठाऊक असते आणि बाकीचं पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम) आणि मृदंगाच्या साथीने, समोरच्या माणसांकडे पाहत, तिथल्या तिथे घडतं. गिटार बाहेरून आली हे खरं. पायपेटीही बाहेरूनच आली होती. संस्कृतीवर आक्रमण होतं या आक्षेपाला मी यापेक्षा जास्त जागा देणार नाही.

जागा लहान का हवी, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. मोठ्या मैदानावरच्या महोत्सवाला माझा विरोध नाही, पण तिथे माणूस पडद्यावर बँड पाहतो. लहान खोलीत वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात दोन हातांचं अंतर असतं. ऐकणाऱ्याला ड्रमरची चूक दिसते, ती त्याने कशी सावरली तेही दिसतं, आणि घरी जाताना त्याच्या मनात येतं की हे मलाही जमेल. बँड तयार होतात ते असे. बीटल्स जगाला माहीत होण्याआधी लिव्हरपूलमध्ये कॅव्हर्न नावाच्या तळघरातल्या क्लबात १९६१ ते १९६३ या काळात जवळपास तीनशे वेळा वाजले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली सुरू झालेला सीबीजीबी हा असाच एक अरुंद, बोळासारखा क्लब. पंक रॉक हे वेगवान, खरखरीत संगीत तिथे वाढलं. आपल्याकडे मुंबईत रंगभवन होतं. ते लहान नव्हतं, उघडं होतं, पण १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवामुळे एका पिढीला तिथे पहिल्यांदा कळलं की इथली मुलं इथे हे वाजवू शकतात. रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांच्या शेजारामुळे ते शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला आवाज बंद झाला. शेजारच्या रुग्णांचं बरोबरच होतं. चूक एवढीच, की त्या बदल्यात कुणी छप्पर आणि भिंती असलेली जागा उभी केली नाही.

कोकणात वाजवणाऱ्यांची वाण नाही. भजनात वयाच्या आठव्या वर्षी ढोलकीला बसलेला मुलगा पंधराव्या वर्षी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. त्याच्या हातात लय आहे, कानात सूर आहे. त्याला स्वतःचं गाणं करायचं असेल तर मात्र ते वाजवून पाहायला गावात जागा नाही. तो मुंबईला जातो, चाकरमानी होतो, गिटार लोकलमधून नेता येत नाही म्हणून विकतो. जे नोकरीसाठी जातात त्यांना आपण थांबवू शकत नाही. पण संध्याकाळी साडेसात-आठनंतर गावात तरुणाने करण्यासारखं काहीच नसतं म्हणूनही मुलं जातात, आणि त्याला आपण जबाबदार आहोत.

आता दारू. पालकांचा सगळ्यात मोठा धसका हाच आणि तो अनाठायी नाही. गोव्यातले क्लब बारच्या गल्ल्यावर चालतात. गाणं तिथे गिऱ्हाइकाला थांबवून ठेवण्यासाठी असतं. महाराष्ट्रात हे गणित मुळातच चालणार नाही आणि चालू नये. इथे बिअरसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. बार असलेल्या जागेत सतराच्या मुलाला येऊ दिलं जाणार नाही, आणि जो बँड काढतो तो नेमका सतराचा असतो. म्हणून मला हवी ती खोली बिनदारूची. हे स्वप्नरंजन नाही. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, सर्व वयाच्या मुलांना प्रवेश असेल तिथेच वाजवायचा आग्रह धरला, आणि समोर कुणी दांडगाई करून इतरांना इजा करू लागला की ते गाणं मधेच थांबवून त्याला समज देत, पैसे परत देऊन बाहेर काढत. त्यांचं संगीत मवाळ नव्हतं. अडीचशे रुपये तिकीट आणि दीडशे माणसं म्हणजे साडेसदतीस हजार होतात. आपल्याकडे संगीताच्या कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे. जागेचं भाडं, साउंडवाला, दोन बँडचं पेट्रोल आणि जेवण, दारावरची माणसं यांत तो पैसा संपेल. श्रीमंत कुणी होणार नाही, पण खिशातून घालावंही लागणार नाही.

दुसरी भीती आगीची. इथे मी पालकांपेक्षाही जास्त घाबरलेली आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २००३च्या फेब्रुवारीत एका लहान क्लबात बँडने फटाक्यांची आतषबाजी केली, भिंतींवर आवाजासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. बहुतेक जण ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले होते. मुंबईत २०१७च्या डिसेंबरात कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण गेले. आणि २०२५च्या डिसेंबरात, आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर, गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबमध्ये २५ जणांचा जीव गेला. त्यांतले बरेचसे तिथे काम करणारे होते, पोटासाठी दुसऱ्या राज्यांतून आलेले.

या घटना सांगून ‘म्हणून असलं काही नकोच’ म्हणणं सोपं आहे. पण परवाना नाकारल्याने कार्यक्रम होत नाहीत असं नाही. ते कुठल्यातरी रिसॉर्टच्या मागच्या शेडमध्ये होतात, एकच दार, वर प्लास्टिकचं आच्छादन, वायरी उघड्या आणि अग्निशमनाचा माणूस कधीच न आलेला. ज्या खोलीची कागदावर नोंद आहे तिच्यात जाऊन दार मोजता येतं. दोन वेगवेगळ्या दिशांना, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं, कार्यक्रम चालू असताना एकालाही कुलूप नाही, माणसं मोजून आत सोडायची आणि दीडशेला थांबायचं, आत आग, फटाका, ठिणगी काहीही नाही, बॅटरीवरचे दिवे. याला फार पैसा लागत नाही. आणि भिंतीवर स्वस्त फोम चिकटवायचा नाही. लोकांचा समज असतो की फोमने आवाज बाहेर जात नाही. तो फक्त आतला प्रतिध्वनी कमी करतो. आवाज अडवण्यासाठी वजन लागतं.

वजन कोकणाकडे आहे. जांभ्याची दीड फुटी भिंत आवाजाच्या दृष्टीने उत्तम. तिला आतून-बाहेरून गिलावा करून सांधे बुजवले की ती बरंच काही अडवते. आपला कच्चा दुवा छप्पर. कौलांतून आणि पत्र्यातून आवाज सरळ निघून जातो, खास करून बेसचा. तेव्हा छपराखाली जड बोर्डांचे दोन थर आणि मध्ये पोकळी ठेवून न जळणाऱ्या खनिज लोकरीचा भराव, खिडक्या बुजवलेल्या, आणि दाराला दार: एक बंद झाल्यावर दुसरं उघडावं अशी मधली छोटी खोली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात अशी किती जुनी गोदामं, बंद पडलेले काजूचे कारखाने, भातगिरण्या उभ्या आहेत, ज्यांच्या भिंती अजून पन्नास वर्षं हलणार नाहीत.

ज्यांना नवीन काही उभारायचं नाही त्यांच्यासाठी मंगल कार्यालयं आहेत. चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढापासून कार्तिकापर्यंत कार्यालयांचे हॉल रिकामे पडून असतात, मालक वीजबिलाच्या चिंतेत असतात. याच महिन्यांत कोकणात उघड्यावर काहीही करता येत नाही; दशावतारी मंडळांचेही प्रयोग पावसात थांबतात. म्हणजे मागणी आणि मोकळी जागा दोन्ही एकाच ऋतूत. या हॉलमध्ये आवाज घुमतो, छपरं पत्र्याची असतात, हे मान्य. पण एखाद्या कार्यालयाचा जेवणाचा छोटा हॉल निवडून त्यावर वर सांगितलेलं काम करता येईल.

परवान्याचं काय? आपल्याकडे सार्वजनिक करमणुकीच्या जागांवरचं नियंत्रण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या अधिकारांतून आणि त्याखालच्या नियमांतून येतं. पोलिसांच्या नजरेतून बघितलं की प्रत्येक गर्दी हा बंदोबस्ताचा विषय होतो, मग ती दीडशेची असो वा पंधरा हजारांची. मला हवा आहे तो आकारानुसार नियम. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली कायदा करून दोनशेपर्यंतच्या प्रेक्षकांसाठी, सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, परवानाधारक जागांत जिवंत संगीताला वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही. २०१५ साली ती मर्यादा पाचशे केली. शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या तर त्या जागेची सवलत काढून घेता येते. आपल्याकडे नगरपंचायतीने अशा खोलीची एकदा तपासणी करावी, अग्निशमनाचा दाखला वर्षाला नवा करावा आणि त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला पोरांना चार टेबलं फिरवू नये. पोलीस ठाण्याला तारखेची लेखी सूचना पुरे.

कानांची काळजी हा याच व्यवहाराचा भाग. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास ऐकावा आणि मग दर तीन डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. त्यानुसार १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी मानक दिलं: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत, आणि थोडा वेळ बाहेर बसायला शांत कोपरा असावा. मिरवणुकीच्या ट्रॉलीवर यातलं काहीही लागू करता येत नाही, खोलीत सगळं करता येतं. बोळे दारातच तिकिटाबरोबर द्यावेत. त्या रात्री म्हापशाकडच्या क्लबात ते नव्हते, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानांत शिट्टी वाजत होती.

वेळ साडेसहा ते पावणेदहा. दहाच्या नियमाला हात लागणार नाही आणि मुलांना सरळ गावातल्या गावात घरी जाता येईल. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून पाचपेक्षा जास्त आवाज जाता कामा नये असं नियम सांगतो, म्हणजे ६०. आत १००, हद्दीवर ६०: हा फरक भिंत, छप्पर आणि दारं यांनी मिळून काढायचा आहे. तो निघतो की नाही हे पहिल्या कार्यक्रमाच्या आधी तपासावं, आणि तपासताना मीटर आयोजकांच्या हातात नसावा. तो खोलीच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या घरातल्या माणसाच्या हातात द्यावा. आत ड्रमरने पूर्ण जोर लावून वाजवावं, बेस पूर्ण चढवावा, आणि त्या माणसाने आपल्या ओसरीवर, नंतर आजारी माणसाच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून आकडा वाचावा. तो साठच्या वर गेला तर त्या छपराचं काम पुरं होईपर्यंत तिथे कार्यक्रम नाही, आणि हे लेखी असावं. आमच्या गल्लीत अशी खोली झाली तर तो मीटर धरायला मी तयार आहे.